काखेतलं शहर

साहेब म्हणाले, शहराचा इतिहास पाहिजे,
एक पान, सोमवारपर्यंत.
मी पाणीपट्टीच्या टेबलावरचा बाबू.
मला थकबाकी लिहिता येते.

तरी बसलो.
चिचबांध. लोकसंख्या नऊ हजार चारशे.
इथे पेन अडला. खिडकीतून तलाव दिसत होता
आणि तो या आकड्यात नव्हता.

तीन बाजूंनी डोंगर, चौथीला पाळ.
पाळ संपते तिथे पाणी कोपरात वाकतं
आणि त्या काखेत आम्ही,
ओलसर, थोडे कोंदट, उन्हाळ्यातही गार.

पाळ कोणी बांधली?
कापगते म्हणतात, आमच्या आज्याच्या आज्यानं.
वलथरे काही म्हणत नाहीत,
टोपली कोणाच्या डोक्यावर होती
हे विचारायला कोणी येत नाही.
कागदावर मालगुजाराचं नाव आहे.
पाळीवर फक्त चिंचा,
एकीला दोरीचे वळ.

मालगुजारी गेली, तुडुम राहिलं.
डोमा पानकर छातीभर पाण्यात उतरून
दट्ट्या उपसायचा, आणि खालच्या बांध्यांतून
धानाला पाणी पोचल्याची हाक फिरायची
एका तोंडातून दुसऱ्या तोंडात.
आता किल्ली पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात,
ऑफिस जिल्ह्याला,
हाक कुठे गेली ते नोंदलेलं नाही.

मधे छोटी रेल्वे होती.
मरळ आणि शिंगाडे पाट्यांतून चढायचे,
डब्यातले लोक नाकाला पदर लावायचे.
रूळ उचलले, वास उरला.
आजही साडेसहाच्या बसनं अर्धं गाव कामाला जातं,
वॉर्डबॉय, शिपाई, साडीच्या दुकानातल्या पोरी,
आणि चिचबांधची सीट म्हटलं
की शेजारचा हळूच सरकतो.
आमच्या पोरी आणखी ऐसपैस बसतात.

स्वभाव लिहायचा तर एवढंच:
इथे कोणी दवाखान्यातून घरी आलं
तरी भेटणारा आधी विचारतो, पानी किती हाय?
तब्येत नंतर.

मग आम्ही शहर झालो.
त्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीचा बोर्ड उतरवला,
संध्याकाळी कोणीतरी त्याचा पाट केला.
काखेत मुरूम ओतून सोळा प्लॉट पडले,
नाव लेक व्ह्यू.
दोन पावसाळे व्ह्यू लांबून दिसला,
तिसऱ्या वर्षी घरात आला.
घर क्रमांक दोनशे चौदाचा अर्ज माझ्याकडेच आहे:
पाणी घरात शिरल्यामुळे
पाणीपट्टी माफ करण्यात यावी.
मी त्यावर लिहिलं, नियमात बसत नाही.
पाणी मात्र बसलं होतं, दिवाणावर, सतरा दिवस.

पाळीवर फोटो काढायला लाल दिव्यांची अक्षरं लावली,
प्रत्येक पुरुषभर उंच.
वाऱ्यात एक च पडला, रात्री, कोणी पाहिला नाही.
तेव्हापासून आम्ही चिबांध.
निविदा निघाली, दोनदा, उघडली नाही.

आज दुपारी फुलवंता वलथरे आली पट्टी भरायला,
पदराच्या गाठीत ओल्या नोटा.
म्हणाली, का लिवून राहिला बावा?
इतिहास, म्हटलं.
कोनाचा?
गावाचा.
ती नोटा टेबलावर वाळत घालत म्हणाली,
तुडुमापासून सुरू कर,
आमचं सगडं तेथूनच सुटते.
मग जाता जाता,
तुमचा च माह्याकडं हाय.
जाळ्यात आला होता, भाद्रपदात.
त्याच्यावर बोटऱ्या वाळवतो. बेस वाळतेत.
परत पायजे का?

मी पावती फाडली.
बाहेर साडेपाचची बस लागली होती,
त्यातून भाकरीऐवजी ब्रेडचे पुडे घेऊन लोक उतरत होते
आणि उतरल्या उतरल्या पाळीकडे बघत होते, सगळे,
सवयीनं, घड्याळ बघावं तसे.

पान अजून कोरंच होतं.
वर तारीख टाकली.
खाली लिहिलं:
पाणी, सात फूट दोन इंच.
च मिळाला आहे. परत घेऊ नये.